पाणी उडून जातं, रंग मागे राहतो!

कंपासपेटीतली पेन्सिल काढ बरं. आणि कागदावर एक रेघ मार. मारलीस? झकास!

आता ओळख, कागदावर नेमकं काय उतरलं? ग्रॅफाइट! म्हणजे कार्बनच. ते पत्त्यांच्या कॅटसारखं असतं, पातळ पातळ थर एकावर एक रचलेले. तू पेन्सिल घासलीस की वरचे थर अलगद सरकतात आणि कागदाच्या खरखरीत अंगात अडकून बसतात. झाली रेघ! आणि गंमत ऐक. आजीच्या कुडीतला हिरासुद्धा कार्बनचाच असतो! पण त्यातले कण चारही बाजूंनी एकमेकांना घट्ट धरून बसलेले. ते कुठले सरकतात! म्हणून चित्र काढायला हिऱ्यापेक्षा आपली दहा रुपयांची पेन्सिलच भारी.

चल, पेन्सिल, छोटी वही, रंगांची डबी आणि पाण्याची बाटली पिशवीत टाक. आपल्याला आगाशीला जायचंय. विरार स्टेशनला पश्चिमेला उतरायचं, बस पकडायची, की थोड्याच वेळात आलं आगाशी. केळीच्या वाड्या, फुलांच्या वाड्या, तळं, आणि १६९१ साली बांधलेलं भवानीशंकराचं देऊळ. पलीकडे अर्नाळ्याचा समुद्र.

काय काढायचं म्हणतोस की म्हणतेस? देऊळ? नको! देऊळ उद्याही तिथेच असेल. आधी त्या टोपलीवाल्या मावशींना काढ. त्या आत्ता उठतील आणि जातील. फक्त आधी विचार हं, "मावशी, तुमचं चित्र काढू का?" बहुतेक वेळा त्या हसतील आणि पदर नीट करतील!

असं रोजचं जगणं टिपायचा नाद एका फार मोठ्या चित्रकारालाही होता. महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म १८६७, गाव कोल्हापूर. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला आले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. किती वर्षं रमले असतील? त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच आहे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'! राजेरजवाड्यांची, देवादिकांची मोठमोठी चित्रं त्यांनी काढलीच. पण मुंबईच्या गल्लीबोळांवर १९१२ साली निघालेल्या एका इंग्रजी पुस्तकातही चित्रं त्यांचीच होती. मला विचारशील तर रस्त्यावरच्या साध्या माणसांची त्यांची चित्रं बघताना जास्त मजा येते. कोण कसं उभं राहायचं, साडी कशी नेसायचं, डोक्यावर काय घ्यायचं, सगळं त्यात सापडतं!

बरं, रेघ चुकली? खोडरबर काढ. पण ओळख पाहू, खोडरबर यायच्या आधी लोक पेन्सिलीची रेघ कशाने पुसायचे?

पावाने!

खरंच! पावाचा मऊ पांढरा गर हलकेच चोळायचा, की ग्रॅफाइट त्याला चिकटून निघून यायचं. रबराने पेन्सिलीची रेघ छान पुसते, ही गोष्ट जोसेफ प्रिस्टली या शास्त्रज्ञाने १७७० मध्ये लिहून ठेवली. म्हणजे त्याआधीच्या मुलांचं खोडरबर भूक लागली की खाता येत असणार!

आता रंग. डबीतल्या वडीत असतं काय? रंगाची अगदी बारीक पूड आणि डिंक. हो, डिंक! बाभळीच्या कुळातल्या झाडांचा. डिंकाच्या लाडवात पडतो ना, त्याचाच भाऊबंद. ओला कुंचला फिरवलास की डिंक विरघळतो, आणि पूड पाण्यात तरंगत कागदावर येते.

मग पाणी कुठे जातं? हे समजायला आगाशीची सुकेळी बघ! राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात. पाणी हवेत उडून जातं, गोडी मागे राहते. चित्राचंही तसंच. पाणी उडतं, पूड राहते, आणि डिंक तिला कागदाला चिकटवून टाकतो. आणि खालची पेन्सिलीची रेघ? ती पाण्याने फिसकटत नाही, कारण ग्रॅफाइट पाण्यात विरघळतच नाही. पण रंग वाळला की ती पुसायला जाऊ नकोस. डिंकाने तिला आत कोंडून घेतलेलं असतं!

आता खरा चमत्कार. कोरड्या कागदावर निळ्या पाण्याचा एक टपोरा थेंब ठेव आणि वाट बघ. वाळल्यावर काय दिसेल? मध्ये फिकट निळं, आणि कडेला गडद निळी रेघ! ती रेघ तू काढलीस का? नाही. मग कोणी काढली?

पाण्याने!

ओट्यावर चहाचा थेंब वाळतो तेव्हाही असंच वर्तुळ उमटतं. शिकागोच्या शास्त्रज्ञांनी कॉफीच्या डागाचं हे कोडं उलगडलं, तेही चक्क १९९७ साली. इतकी वर्षं सगळे डाग पुसत होते, आणि त्याच्याकडे नीट बघितलं कोणी नव्हतं! झालं काय, थेंबाची कड कागदाला चिकटून बसते, जागची हलत नाही. पण पाणी कडेलाच भराभर उडतं. मग तिथली तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे धावतं. येताना रंगाची पूडही ओढून आणतं, आणि तिला कडेला सोडून स्वतः उडून जातं! केळीच्या पानाला अशी कड आपोआप मिळाली तर किती छान दिसेल, सांग.

तळ्याच्या पाण्याला मात्र कड नको ना? मग आधी साध्या पाण्याने कागद ओला कर आणि त्यावर रंग सोड. रंग सुटतो, पसरतो, काठच हरवतो! त्या ओल्या रंगावर मिठाचे चार खडे टाक. मीठ आजूबाजूचं पाणी शोषून घेतं. वाळल्यावर मीठ झटक, की खाली फिकट चांदण्या!

आणि मावशींच्या टोपलीतला पांढराशुभ्र मोगरा? त्याला कुठला रंग? कुठलाच नाही! फुलाची जागा कोरी सोड आणि भोवती गडद हिरवं भर. कोरा कागदच मोगरा होऊन बसतो. जलरंगात उजेड असाच येतो, पातळ रंगातून आरपार दिसणाऱ्या कागदाचा. सावंतवाडीकडचे सावळाराम हळदणकर यात उस्ताद. हातात दिवा घेतलेल्या बाईचं त्यांचं प्रसिद्ध चित्र जलरंगातलंच आहे, आणि दिवा धरून उभी राहिली होती त्यांचीच मुलगी. म्हैसूरच्या जगनमोहन महालात ते बघायला मिळतं. पुष्कळांना वाटतं, ते राजा रविवर्म्याचं आहे! कोणी तसं म्हणालं, तर तू लगेच हळदणकरांचं नाव सांग.

चित्र झालं की कोपऱ्यात तारीख आणि गावाचं नाव लिही. आणि हो, पावसाळ्यात बसणार असशील तर घाईने वही मिटू नकोस. हवेतच इतकं पाणी असतं, की कागदातलं पाणी उडायला वेळ लागतो. तोवर दुसरं पान उघडायला हरकत नाही. त्यावर बसथांब्यावरची रांग काढ, पण पेन्सिल भराभर चालव हं, बस येतेय!