सवयीने घडणारा मेंदू
लंडनमध्ये काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल, तर शहराच्या मध्यावरच्या चॅरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या त्रिज्येतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. तयारीत तीन-चार वर्षे सहज जातात. मेंदू-संशोधक एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली अशा चालकांचे एमआरआय तपासले, तेव्हा स्मृती व दिशाज्ञान सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. मुळात असा मेंदू असलेलेच या धंद्यात येत असतील, ही शंका रास्त होती. २०११च्या अभ्यासाने ती बरीचशी फिटली: सुरुवातीला सारे उमेदवार सारखेच होते, वाढ दिसली ती परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांतच. अर्थात हा लाभ फुकटचा नाही. नवी गुंतागुंतीची आकृती लक्षात ठेवणे याच चालकांना जड गेले. सरावाने वाढणारा हा भाग आकसूही शकतो: दीर्घकाळचा ताण आणि अपुरी झोप हिप्पोकॅम्पसला मारक ठरतात; नैराश्याच्या रुग्णांत तो अनेकदा लहान आढळतो.