तीन वर्षांचा उंदीर, हजारो वर्षांची डायरी

कल्पना करा, साल आहे १८४९. कॅलिफोर्नियात सोनं सापडलंय म्हणून तुम्हीही बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर निघालात. नेवाडाच्या वाळवंटात वाट चुकलीये, पोटात कावळे ओरडतायत. तेवढ्यात कड्याच्या कपारीत काहीतरी चकाकतं. चिक्कीसारखा, घट्ट चिकटलेला गोळा. काय कराल? खाल ना?

त्यांनी खाल्लाच! त्या वर्षी याच वाटेने गेलेल्या विल्यम मॅनलीने १८९४ मध्ये आपल्या आठवणी छापल्या, त्यात हा किस्सा आहे. चव गोडसर लागली, पण थोड्याच वेळात मळमळायला लागलं. ती मिठाई नव्हतीच. आज संशोधक म्हणतात, ते होतं उंदराचं वाळून कडक झालेलं मूत्र. तेही पिढ्यान्‌पिढ्यांचं!

‘ईऽऽ’ म्हणालात ना? थांबा जरा. याच घाणीत हवामानाचा हजारो वर्षांचा डेटा दडलेला आहे.

भेटा या साठेबाजाला

या उंदराचं नाव वुडरॅट. उत्तर अमेरिकेत त्याच्या बऱ्याच जाती आहेत. त्यातला सगळ्यात दणकट म्हणजे झुपकेदार शेपटीचा वुडरॅट, शास्त्रीय नाव निओटोमा सिनेरिया. कॅनडाच्या थंडगार उत्तरेपासून अमेरिकेतल्या ॲरिझोना, न्यू मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत तो राहतो. शेपटी खारीसारखी, कान मोठे, डोळे टपोरे. आपल्या गटारातल्या घुशीशी तुलना केलीत, तर त्याला राग येईल.

नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी ३० ते ४५ सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या कंपासमधल्या फूटपट्टीची दोन ते तीनपट. वजन २०० ते ६०० ग्रॅम. नर मादीपेक्षा चांगलाच मोठा. आणि आयुष्य? घुबड, साप, कोल्हे टपलेलेच असतात. त्यामुळे जंगलात बहुतेकांना दोन-तीन वर्षंच मिळतात.

पण एवढ्याशा आयुष्यात त्याला गोळा करायचा भारी नाद. काटक्या, पानं, बिया, हाडं, निवडुंगाचे काटे, कुणाचा चमचा, कुणाची किल्ली, जे दिसेल ते घरात. तोंडात काटकी असताना वाटेत काही चमकदार दिसलं, की काटकी तिथेच टाकायची आणि ते उचलायचं. म्हणून त्याला ‘ट्रेड रॅट’, म्हणजे अदलाबदल करणारा उंदीर, असंही म्हणतात.

या ढिगावरच तो लघवी करतो. कोरड्या हवेत ती वाळून स्फटिकासारखी कडक होते आणि आतलं सगळं सामान पॅक करून टाकते. एक उंदीर गेला की त्याच जागी दुसरा येतो, मग तिसरा. गुहेत पाऊस शिरला नाही, तर असा ढीग हजारो वर्षं टिकतो. काही ढिगांचं वय कार्बन-१४ पद्धतीने ४० हजार वर्षांहून जास्त निघालंय.

ढिगातलं झाड

हा खजिना लक्षात कसा आला, तर जवळजवळ योगायोगानेच. फिलिप वेल्स आणि क्लाइव्ह जॉर्गेन्सन हे दोन संशोधक नेवाडातल्या एका डोंगरावर जुनिपरची झाडं शोधत होते. झाडं मिळाली नाहीत. मिळाला तो वुडरॅटचा जुना ढीग, आणि त्यात जुनिपरच्या डहाळ्या! वुडरॅट सामान आणायला फार लांब जात नाही, शंभरेक मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे आज जिथे रखरखाट आहे, तिथे एके काळी जुनिपर होते. दोघांचा शोधनिबंध १९६४ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला, आणि जगभरचे अभ्यासक उंदरांचे उकिरडे उपसायला लागले.

लेंडी मोजा, वजन सांगा

ढिगात झाडपाला असतो, तशा लेंड्याही असतात. फेलिसा स्मिथ या संशोधिकेने इथेच डोकं चालवलं. जेवढा उंदीर मोठा, तेवढी लेंडी रुंद. मग जुन्या लेंडीची रुंदी मोजली, की ती टाकणाऱ्या उंदराच्या वजनाचा अंदाज येतो. अकरावीच्या प्रॅक्टिकलला व्हर्निअर हातात घेऊन ‘याचा आयुष्यात काय उपयोग’ असं कुजबुजला असाल, तर हे घ्या उत्तर.

स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लेंड्यांवरून २५ हजार वर्षांचा हिशोब मांडला आणि १९९५ मध्ये तो प्रसिद्ध केला. निष्कर्ष एकदम सरळ. हिमयुगाच्या कडाक्यात वुडरॅट मोठे होते. हवा तापली की ते लहान झाले, पुन्हा गार झाली की मोठे.

असं का? टपरीवर जा. कटिंगचा ग्लास दोन मिनिटांत गार होतो, किटलीतला चहा मात्र कितीतरी वेळ गरम राहतो. मोठ्या शरीरातली उष्णता हळू बाहेर पडते, लहान शरीरातली भराभर. थंडीत किटली फायद्यात, उन्हाळ्यात कटिंग! कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञाने हा नियम १८४७ मध्येच सांगितला होता. वुडरॅटला तर उकाडा अजिबात सोसत नाही, आणि अंगाने जितका मोठा, तितका त्रास जास्त.

लहान व्हा, वर चढा, नाहीतर...

गोष्ट इथे संपली असती, तर ‘किती भारी’ म्हणून पान उलटता आलं असतं. पण डेथ व्हॅलीकडे बघा. जुलै १९१३ मध्ये तिथे ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली. तिच्या पूर्वेकडच्या डोंगरांतल्या जुन्या ढिगांमध्ये या मोठ्या वुडरॅटच्या लेंड्या सापडतात. आज तो तिथे नाही. हवा तापत गेली, लहान होऊन भागेना, चढायला डोंगर पुरेना. आता तिथे त्याचा चुलत भाऊ नांदतोय, वाळवंटी वुडरॅट, जेमतेम सव्वाशे ग्रॅमचा.

आणि हे बदल सावकाश, हजारो वर्षांत झाले होते. वुडरॅटची मादी जन्मानंतरच्या वर्षीच आई होते. २५ हजार वर्षांत माणसाच्या साधारण हजार पिढ्या होतात, त्याच्या जवळजवळ २५ हजार. एवढ्या पिढ्या हाताशी असूनही काही ठिकाणी त्याला जमलं नाही. आताची तापमानवाढ तर आपल्या आजोबांपासून आपल्यापर्यंतच्या काळातली आहे.

तेव्हा ‘दोन-चार अंशांनी काय बिघडतं यार’ असं कट्ट्यावर कुणी म्हणालं, तर त्याला या उंदराचं वजन सांगा. आणि हो, ट्रेकला कपारीत चिक्कीसारखं काही दिसलंच, तर आधी वास घ्या!

उंदीरमामांचा बायोडेटा
नाव : झुपकेदार शेपटीचा वुडरॅट
लांबी : शेपटीसह ३० ते ४५ सेंमी
वजन : २०० ते ६०० ग्रॅम
आयुष्य : जंगलात बहुधा दोन-तीन वर्षं
छंद : मिळेल ते जमवणे
नावडती गोष्ट : उकाडा