विद्युत वाहने आणि वीज ग्रीड : समन्वयाची गरज

पेट्रोल व डिझेलवर चालणाऱ्या वाहनांची जागा विजेवरील वाहने घेऊ लागली की ऊर्जा पुरविण्याची जबाबदारी तेल कंपन्यांकडून वीज ग्रीडकडे येते. खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक हिस्सा आयात करणाऱ्या भारताच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र हा वाढीव भार पेलण्यास ग्रीड सक्षम आहे काय आणि त्यासाठीचा खर्च कोणी सोसावयाचा, हे प्रश्न त्याबरोबरच उपस्थित होतात.

ऊर्जा पुरेशी, प्रश्न वेळेचा

या विषयाचा विचार करताना ऊर्जा आणि शक्ती या संकल्पनांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. ठराविक काळात वापरलेली एकूण वीज म्हणजे ऊर्जा. ती युनिटमध्ये, अर्थात किलोवॅट-तासांत मोजली जाते. विशिष्ट क्षणी असलेली मागणी म्हणजे शक्ती. ती किलोवॅट किंवा मेगावॅटमध्ये मोजली जाते.

समजा, देशात १ कोटी विद्युत मोटारी आहेत. प्रत्येक मोटार वर्षाला १२,००० किलोमीटर धावते आणि दर किलोमीटरला ०.१५ युनिट वीज घेते. अशा एका मोटारीस वर्षाला १,८०० युनिट, तर सर्व मोटारींना १,८०० कोटी युनिट वीज लागेल. २०२३-२४ या वर्षात देशाची विजेची गरज सुमारे १ लाख ६२ हजार कोटी युनिट होती. म्हणजे ही वाढ जेमतेम १.१ टक्का ठरते.

याच मोटारी सायंकाळी घरी परतल्यावर ३.३ किलोवॅटच्या सॉकेटला एकाच वेळी जोडल्या गेल्या, तर मात्र ३३,००० मेगावॅट इतकी मागणी निर्माण होईल. ३० मे २०२४ रोजी नोंदविली गेलेली देशातील विक्रमी मागणी सुमारे २,५०,००० मेगावॅट होती. तिच्याशी तुलना करता हे प्रमाण १३ टक्के भरते. प्रत्यक्षात सर्व वाहने एकाच क्षणी जोडली जात नाहीत. तरीही अडचण विजेच्या एकूण प्रमाणात नसून वेळेत आहे, हे यावरून स्पष्ट होते.

रोहित्रावरील ताण

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीद्वारे दक्षिणेकडील ग्रीड उर्वरित देशाशी जोडले गेले आणि ‘एक राष्ट्र, एक ग्रीड, एक वारंवारता’ ही संकल्पना साकार झाली. त्यामुळे एका प्रदेशातील अतिरिक्त वीज दुसऱ्या प्रदेशात नेणे सुलभ झाले. परंतु वाहनांचा भार प्रथम जाणवतो तो वस्तीतील रोहित्राला. १०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्रावर २० मोटारी एकाच वेळी चार्ज होऊ लागल्यास ६६ किलोवॅटची भर पडते. त्याच सुमारास घरांतील दिवे, पंखे व वातानुकूलन यंत्रेही सुरू असतात. रोहित्र वारंवार तापल्याने त्याचे आयुर्मान घटते. ते बदलण्याचा खर्च वीजदरातून वसूल होतो, म्हणजेच ज्याच्या घरी एकही वाहन नाही, अशा ग्राहकावरही तो पडतो. म्हणून या तांत्रिक प्रश्नाला सामाजिक न्यायाचीही बाजू आहे.

वीजदराचे साधन

सौरऊर्जा दुपारी मुबलक असते आणि सायंकाळी, नेमकी मागणी वाढत असताना, ती मावळते. चार्जिंग दुपारकडे वळविल्यास सौरवीज वाया जात नाही आणि औष्णिक केंद्रांवरील सायंकाळचा भारही हलका होतो. या दृष्टीने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत सुधारणा करून दिवसाच्या वेळेनुसार वीजदराची तरतूद करण्यात आली. त्यानुसार सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवणे अपेक्षित आहे. सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चार्जिंग केंद्रांसाठी सकाळी ९ ते दुपारी ४ या काळात सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट, तर उर्वरित वेळेत १.३ पट दर सुचविण्यात आला.

वीज हा विषय समवर्ती सूचीत असून किरकोळ वीजदर राज्य वीज नियामक आयोग निश्चित करतात. त्यामुळे केंद्राच्या धोरणाचे यश राज्यांच्या अंमलबजावणीवर अवलंबून राहते. चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केल्याने अशा केंद्रांना विद्युत अधिनियम, २००३ अन्वये परवान्याची आवश्यकता उरली नाही.

दराच्या साधनाला मर्यादाही आहेत. ई-रिक्षाचालकाची कमाई दिवसाच असते. स्वस्त विजेसाठी दुपारी रिक्षा उभी ठेवणे त्याला परवडणारे नाही. अशा वाहनांसाठी बॅटरी अदलाबदलीची पद्धत उपयुक्त ठरते. बॅटरी केंद्रावर दुपारी चार्ज होते आणि वाहन मात्र रस्त्यावर धावत राहते.

वाहनाकडून ग्रीडकडे

उभ्या असलेल्या वाहनातील वीज ग्रीडला परत देण्याची कल्पना अमेरिकेतील विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंद्रे यांनी १९९७ मध्ये मांडली. १ लाख मोटारींनी प्रत्येकी ३ किलोवॅट वीज पुरविल्यास ३०० मेगावॅट शक्ती उपलब्ध होऊ शकते. मात्र त्यासाठी दोन्ही दिशांनी वीज वाहू देणारे चार्जर, स्मार्ट मीटर आणि बॅटरीच्या झिजेचा योग्य मोबदला आवश्यक आहे.

ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या १०,९०० कोटी रुपयांच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी २,००० कोटी रुपये राखून ठेवण्यात आले. केंद्रांची संख्या वाढविणे महत्त्वाचे आहेच; तथापि ती कोठे उभारली जातात आणि कोणत्या वेळी वापरली जातात, यालाही तितकेच महत्त्व द्यावे लागेल. नियोजनाविना वाढणारी वाहने ग्रीडवर बोजा ठरतील. सुनियोजित चार्जिंगमुळे मात्र तीच वाहने सौरऊर्जा साठविणारी राष्ट्रीय संपत्ती होऊ शकतील.