खारेपाटातलं पार्किंग: मिठाशी झुंज, आगीशी गाठ

पेण तालुक्यातलं डोलवी म्हणजे धरमतर खाडीकाठचं पोलादाचं गाव. जेएसडब्ल्यूच्या इथल्या कारखान्याची क्षमता वर्षाला तब्बल 1 कोटी टन! आणि तालुका मिठागरांचा. पोलाद आणि त्याचा चिवट वैरी, दोघे शेजारी. चारही बाजूंनी उघडं पार्किंग बांधायचं, तर अशा हवेत सांगाडा जपायचा कसा?

आधी एक चकवा. पाऊस थेट झेलणाऱ्या खांबापेक्षा छपराखालची तुळई जास्त गंजू शकते! रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उघड्या भागावरचं मीठ धुऊन नेतो. आडोशाला बसलेलं मीठ मात्र तिथेच राहून हवेतली ओल खेचत राहतं. म्हणून कोरड्या दिवसांत तुळयांवर गोड्या पाण्याचा फवारा मारावा. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

गरम लाटलेल्या पोलादावर निळसर काळा थर येतो, तो मिल स्केल. दिसायला अगदी पक्का. त्यावरच रेड ऑक्साइड फासलं, तर पुढे तो थर रंगासकट सुटतो. आधी ब्लास्टिंगने, म्हणजे बारीक कणांच्या माऱ्याने, तो थर काढावा, मग रंग.

जस्ताचं काम तर विलक्षण! सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात सांगाड्याचे भाग बुडवतात. 6 मिलिमीटरहून जाड पोलादावर सरासरी 85 मायक्रॉनचा थर बसतो. ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त स्वतः झिजतं आणि पोलाद वाचवतं. साध्या शहरी हवेत हा थर 40 वर्षांहून अधिक टिकतो, तीव्र खाऱ्या हवेत 10 ते 20. वर योग्य रंग दिला, तर दोघं मिळून आपापल्या आयुष्यांच्या बेरजेपेक्षा जास्त टिकतात.

आता आग. पोलाद वितळतं 1500 अंशांच्या आसपास, पण 600 अंशांनाच त्याची निम्मी ताकद जाते. उघड्या पार्किंगमध्ये धूर आणि उष्णता बाहेर पडते, हे खरं. तेवढ्यावर विसंबू नये. 10 ऑक्टोबर 2023 ला इंग्लंडमधल्या ल्यूटन विमानतळाच्या बहुमजली उघड्या पार्किंगमध्ये एका डिझेल गाडीने पेट घेतला. हजाराहून अधिक गाड्या गेल्या, इमारतीचा काही भाग कोसळला. तिथे स्प्रिंकलर नव्हते.

यावर उपाय म्हणजे फुगणारा अग्निरोधक रंग. एक-दोन मिलिमीटरचा लेप तापला की भाकरीसारखा टम्म फुगतो आणि त्या जाड कोळशी थरामुळे उष्णता पोलादापर्यंत उशिरा पोचते. पण कोकणात खरी मेख इथेच आहे! फुगवणारी काही द्रव्यं पाण्यात विरघळतात. वरचा संरक्षक रंग तडकला की पावसाळे लेपाची ताकद नेतात, आणि वरून काही कळतही नाही. त्यामुळे खाडीकाठी एपॉक्सीवर आधारलेला लेप निवडावा. समुद्रातल्या तेलफलाटांवर तोच वापरतात. खाली गंजरोधक प्रायमर, मध्ये हा लेप, वर रंगाचा अखंड थर. चाकं आणि बंपर जिथे घासतात, तिथली डागडुजी दरवर्षी मृगाआधी उरकावी.