काटा कोणाच्या हातात?

मेक्सिकोच्या ओआखाका राज्यातल्या डोंगरगावांत कॉफी विकत घेणाऱ्या दलालाला ‘कोयोटे’ म्हणतात. कोयोटे म्हणजे कोल्ह्याच्या जातीचं जनावर. इथल्या झापोतेक आणि मिहे आदिवासींची शेती दोन-पाच हेक्टरांची, तीही उतारावरची. पिकलेली लाल फळं हातानं तोडायची, गर काढायचा, दाणे आंबवायचे, धुवायचे, अंगणात वाळवायचे. एवढं राबून झाल्यावर भाव सांगायचा कोयोटेनं, आणि काटाही त्याचाच. अडीअडचणीला त्याच्याकडून उचल घेतलेली असायची, म्हणून माल दुसऱ्याच्या दारात नेता येत नसे.

1980 मध्ये फ्रान्स व्हॅन डर हॉफ हे डच पाद्री इथे राहायला आले. स्वतः कॉफी लावणारा, शेतात राबणारा हा माणूस. पुढच्या वर्षी गावं एकत्र बसली आणि आपली कॉफी आपणच गोळा करून विकायची, असं ठरलं. 1983 मध्ये ‘उसिरी’ ही आदिवासी समुदायांची संघटना नोंदली गेली. कोयोटेंनी हे मुकाट्यानं सोसलं नाही. संघटनेच्या माणसांचे खून झाले. तरीही गावांनी काटा सोडला नाही, आणि मला या साऱ्या इतिहासात सर्वात मोठी गोष्ट हीच वाटते.

माल एकत्र आला, पण गिऱ्हाईक कुठे होतं? युरोपात छोट्या शेतकऱ्यांकडून थेट घेतलेली कॉफी विकली जाई ती चळवळीच्या छोट्या दुकानांत, चर्चच्या आवारात. घेणारे आस्थेनं घेत, पण घेऊन घेऊन किती घेणार? शेतकऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: मदत नको, भाव द्या. व्हॅन डर हॉफ आणि ‘सॉलिदारिदाद’ संस्थेचे निको रोझेन यांनी त्यातून वेगळी वाट काढली. नवी कंपनी काढायची नाही. आहेत त्याच कॉफी भाजणाऱ्या कंपन्यांना अटी घालायच्या आणि अटी पाळतील त्यांच्या पाकिटावर शिक्का द्यायचा. म्हणजे माल थेट सुपरमार्केटच्या फळीवर. 15 नोव्हेंबर 1988 रोजी नेदरलँड्समध्ये हा शिक्का सुरू झाला. नाव ‘मॅक्स हावेलार’, म्हणजे जावातल्या शेतकऱ्यांच्या पिळवणुकीवर मुलतातुलीनं 1860 मध्ये लिहिलेल्या कादंबरीचा नायक. कॉफीवर गबर झालेल्या देशानं हे नाव निवडावं, यात मला प्रायश्चित्ताची भावना दिसते.

वेळ मात्र कसोटीची होती. जुलै 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची भाव सावरून धरणारी कोटापद्धत कोलमडली आणि भाव कोसळले. त्याच सुमारास मेक्सिकोच्या सरकारी कॉफी संस्थेनं, ‘इनमेकाफे’नं, खरेदीतून अंग काढून घ्यायला सुरुवात केली. छोट्या शेतकऱ्याच्या मागे कुणी उरलं नाही. पुढे 2001 च्या मंदीत न्यूयॉर्कच्या बाजारातला कॉफीचा भाव पौंडाला 50 सेंटांच्या खाली गेला, तेव्हा शिक्क्याच्या कॉफीला किमान 1 डॉलर 26 सेंट बांधलेले होते. फक्त सगळी कॉफी त्या भावानं खपत नव्हती. उरलेला माल पडेल भावानंच जाई.

1997 मध्ये देशोदेशीचे शिक्के एका जागतिक संस्थेत एकवटले. तिचे सुरुवातीचे सदस्य होते ते कॉफी पिणाऱ्या देशांतले. ज्यांच्या नावानं हे उभं राहिलं त्या उत्पादकांना सर्वसाधारण सभेत निम्मी मतं मिळायला 2013 उजाडलं. दरम्यान लॅटिन अमेरिकेतल्या छोट्या उत्पादकांनी 2006 मध्ये स्वतःचा वेगळा शिक्का काढला होता. काहींना ती फूट वाटली. मला ती 1981 च्या बैठकीचीच पुढची पायरी वाटते: आधी काटा हाती घेतला, मग शिक्काही.

2012 नंतर कॉफीवरच्या तांबेरा रोगानं मध्य अमेरिका आणि दक्षिण मेक्सिकोतले मळे पोखरले. व्हॅन डर हॉफ फेब्रुवारी 2024 मध्ये वारले. 2025 च्या सुरुवातीला कॉफीच्या भावानं पौंडाला 4 डॉलरचा टप्पा ओलांडला, जागतिक संस्थेच्या शिक्क्याच्या 1 डॉलर 80 सेंट या किमान भावाच्या दुपटीहून वर. भाव असे चढले की सहकारी संस्थांची कोंडी होते. त्यांनी आधीच ठरल्या दरानं करार केलेले असतात. त्या सभासदाला थोडी उचल देतात आणि बाकीचे पैसे माल निर्यात झाल्यावर. कोयोटे रोख पैसे घेऊन अंगणात उभा असतो. घरात आजारपण असलं, पोराची फी भरायची असली, की वाळलेल्या कॉफीची काही पोती संस्थेकडे जातात आणि काही त्याच्या ट्रकमध्ये.