न वाढणाऱ्या जंतूच्या मागे

शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या बाटलीत जगवायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचे आणि वाढवायचे, याचे आज कोणाला नवल वाटत नाही. पण हे काम करणारी देशातली पहिली प्रयोगशाळा मुंबईत उभी राहिली ती स्वातंत्र्यानंतर, आणि ती उभी केली डॉ. कमल रणदिवे यांनी.

बाई मूळच्या पुण्याच्या समर्थांच्या. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि नवराही डॉक्टरच करावा, ही त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही गोष्टी ऐकल्या नाहीत! लग्न केले ते गणितज्ञाशी, आणि एम.एस्सी.ला विषय घेतला सीताफळाच्या कुळातील गुणसूत्रांचा. दिवाळीच्या सुमारास आमच्या देवगाव फाट्यावर सीताफळांच्या पाट्या उतरल्या, की मला हटकून हे आठवते. मंठ्याहून जिंतूरकडे जाताना सेलूला वळायचे ते हे ठिकाण. येथे माणसे चहापुरती थांबतात.

मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली बाईंनी १९४९ साली पीएच.डी. मिळवली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. 'हेला' या जगप्रसिद्ध पेशी ज्यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या, तेच हे गाय. परत येऊन त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशींचा संसार मांडला. कर्करोगावर पुष्कळ काम केले. पण मला मोठे वाटते ते दुसरेच.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली पाहिला. माणसाच्या रोगाशी जोडले गेलेले जे पहिले जंतू, त्यांपैकी हा एक. पण प्रयोगशाळेत तो काही केल्या वाढेना. क्षयाचा जंतू एका दिवसात दुप्पट होतो, याला बारा-चौदा दिवस लागतात. शिवाय तो राहतो मज्जातंतूंच्या वेष्टणातील पेशींत, म्हणूनच कातडी बधिर होते. मग त्याला त्याच्या आवडीचे घरच दिले तर? बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णाच्या शरीरातले जंतू मानवी मज्जापेशींच्या संवर्धनात सोडले. १९५८ साली त्यातून एक जंतू वाढला. केंद्राच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले 'आयसीआरसी'.

पुढे कळले, की हा कुष्ठाचा खरा जंतू नव्हे, त्याच्या गोतातला दुसराच. मग सगळे पाण्यात गेले का? मुळीच नाही. डॉ. माधव देव आणि सहकाऱ्यांनी याच जंतूपासून लस केली. तामिळनाडूत सुमारे एक लाख सत्तर हजार लोकांवर वेगवेगळ्या लसींची तुलना झाली. १९९८ साली निष्कर्ष आले, त्यात या लसीचे संरक्षण सुमारे ६५ टक्के भरले. नुसत्या बीसीजीचे भरले ३४. तरीही ही लस घरोघर पोचली नाही. तोवर तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने रोग ओसरू लागला होता, आणि २००५ च्या अखेरीस देशपातळीवर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण उरले. औषध मिळाले म्हणून लस मागे पडली, हे मला पटत नाही.

कारण फाट्यावरच्या हॉटेलात मी एका शेतकऱ्याला उकळत्या चहाचा ग्लास मुठीत धरून निवांत गप्पा मारताना पाहिले आहे.

"मामा, हात भाजंल की!"

"कळतंय कुठं बोटाला? दोन वर्सं झाली."

पाठीवर चट्टा होता. सोयरीक मोडेल म्हणून घरात कोणी बोलले नव्हते. आणि ती भीती खोटी म्हणता येत नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होते! सरकारी दवाखान्यातून मामांनी बारा महिने फुकट गोळ्या घेतल्या. रोग गेला, बोटे मात्र बधिरच राहिली. मेलेला मज्जातंतू गोळीने उठत नाही.

बाईंना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. त्याआधी, १९७३ साली, त्यांनी सहकारी स्त्रियांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली होती. २००१ साली त्या गेल्या. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, आणि हॅन्सनचा तो जंतू कोणाच्याही प्रयोगशाळेतील बशीत अजून वाढलेला नाही.