पाण्याखालच्या शिक्षकीचा ताळेबंद

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आडत चालविणाऱ्या एका कुटुंबातील धाकटे चिरंजीव गेल्या दिवाळीत मित्रांसमवेत तारकर्लीला गेले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रात त्यांनी शिक्षकाचा हात धरून वीस-पंचवीस मिनिटांची बुडी मारली. आठ दिवसांनी दुकानाच्या गादीवर बसून त्यांनी वडिलांपुढे विषय काढला. "अप्पा, मला स्कूबा डायव्हिंगचा शिक्षक व्हायचंय." अप्पांनी रागावण्याऐवजी व्यापाऱ्याला शोभेल असा प्रश्न विचारला, "भांडवल किती लागेल?" मुलाने मोबाइलवरील जाहिरात दाखविली. तीत शिक्षक-अभ्यासक्रमाचे शुल्क १,३०,००० रुपये होते.

घरात त्या वेळी आठ लाखांची शिल्लक होती. पण ती नव्या गोदामाच्या अनामतीसाठी राखून ठेवलेली. हळदीचा हंगाम तोंडावर आलेला आणि थोरल्या बंधूंनी गोदामाची बोलणी जवळजवळ पूर्ण केलेली. म्हणून जाहिरातीतला आकडा खरा की अपुरा, हे पाहणे भागच होते.

आकडा खोटा नव्हता. मात्र तो जिन्याच्या शेवटच्या पायरीचा होता. या क्षेत्रात 'पाडी' या १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या संस्थेची प्रमाणपत्रे सर्वाधिक प्रचलित आहेत. तिच्या पद्धतीनुसार प्रथम ओपन वॉटर हा अभ्यासक्रम करावा लागतो व त्यात १८ मीटर खोलीपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. त्यानंतर अॅडव्हान्स्ड, पुढे रेस्क्यू व त्याच्या जोडीला प्रथमोपचाराचे शिक्षण, मग डाईव्हमास्टर आणि सर्वांत शेवटी शिक्षक-अभ्यासक्रम. पर्यटक तारकर्लीला जी हौसेची बुडी मारतात, ती या पायऱ्यांत धरली जात नाही.

शिवाय पैसे आहेत म्हणून घाई करता येत नाही. शिक्षक-परीक्षेला बसण्यापूर्वी किमान १०० बुड्यांची नोंद वहीत असावी लागते आणि पहिले प्रमाणपत्र मिळून सहा महिने उलटलेले असावे लागतात. डाईव्हमास्टरच्या टप्प्यावर ४०० मीटर पोहणे, १५ मिनिटे पाण्यात उभ्याने तरंगणे, तोंडात नळी घालून ८०० मीटर अंतर कापणे, थकलेल्या डायव्हरला १०० मीटर ओढून नेणे अशा कसोट्या आहेत. विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला त्या अशक्य नाहीत. पण तयारीला वेळ लागतो, आणि परक्या गावी वेळ म्हणजे खोलीभाडे.

चिरंजीवांनी अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथील दरपत्रके मागविली. अप्पांनी त्यांवरून वहीत आकडे उतरविले. ओपन वॉटर ३२,०००, अॅडव्हान्स्ड २६,०००, रेस्क्यू व प्रथमोपचार मिळून ३८,०००, डाईव्हमास्टर ९०,०००. मग जाहिरातीतले १,३०,०००. त्यापलीकडे परीक्षेचे शुल्क, संस्थेचे सदस्यत्व, प्रथमोपचार शिकविण्याची स्वतंत्र पात्रता आणि अभ्याससाहित्य यांसाठी १,२०,००० धरले. यांतील काही रकमा थेट मूळ संस्थेकडे भरावयाच्या असतात व परकीय चलनाच्या दराप्रमाणे त्या वरखाली होतात. रेग्युलेटर, हवेचे जाकीट, मनगटावरील संगणक, वेटसूट, मास्क, फिन्स मिळून १,४०,०००. शिकताना उपकरणे भाड्याने मिळतात. परंतु शिक्षकाने उसनी उपकरणे वापरणे म्हणजे व्यापाऱ्याने उसना तराजू वापरण्यासारखे आहे. पाच महिन्यांचा राहण्याजेवणाचा खर्च १,१०,०००, विमानप्रवास व वैद्यकीय तपासणी ३४,०००. एकूण बेरीज ७,२०,००० रुपये झाली. जाहिरातीच्या आकड्याच्या साडेपाच पट!

जेवणाच्या रकमेवर घरात बरीच चर्चा झाली. आजींचा पहिला प्रश्न होता, "सूर्यास्ताआधी जेवण मिळणार का रे तिथं?" बेटावरच्या खानावळीत कांदा-लसूण आणि कंदमूळ टाळून रोज जेवण मिळेल याची खात्री देता येत नाही. म्हणून स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्यावी असे ठरले आणि महिन्याच्या अंदाजात तेवढी वाढ करावी लागली. डायव्हिंग केंद्रांच्या दरपत्रकांत ही बाब अर्थातच नसते.

थायलंडमधील को ताओ या छोट्या बेटावर असंख्य डायव्हिंग शाळा आहेत आणि स्पर्धेमुळे तेथे दर कमी पडतात, असे मित्राने सुचविले. अभ्यासक्रमाचे दर खरोखर कमी होते. मात्र व्हिसा, चलनबदल आणि विमानभाडे मिळविता फरक फारसा उरला नाही, तेव्हा तो विषय मागे पडला.

मग कर्जाचा विचार. शैक्षणिक कर्ज सहसा मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या वा शासनमान्य अभ्यासक्रमांना मिळते. खासगी डायव्हिंग केंद्राचे प्रमाणपत्र जगभर चालत असले, तरी ते त्या चौकटीत बसविणे अवघड. वैयक्तिक कर्जाचा व्याजदर पाहता ते टाळावे हेच बरे. गरज पडलीच तर मुदतठेव न मोडता तिच्या तारणावर उचल घ्यावी. ठेवीच्या दराहून साधारणतः एक-दोन टक्के अधिक व्याज पडते, आणि व्यापारी घरांना हा मार्ग परिचयाचा आहे.

खर्चापेक्षा उत्पन्नाची बाजू अधिक बोलकी ठरली. शिक्षकाला बहुधा थोडे ठरलेले वेतन आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे काही रक्कम मिळते. समुद्र खवळला की दोन्ही आटतात. कोकणात पावसाळ्यात पाण्यातील खेळ बंदच असतात. (आजींना मात्र हे ऐकून समाधान वाटले. चातुर्मासात नातू घरी राहील!) महिन्याला तीस हजार आणि वर्षाचे आठ महिने असे धरले, तर २,४०,००० होतात. त्यातून जेवण, विमा, सदस्यत्वाचे वार्षिक नूतनीकरण, उपकरणांची देखभाल व प्रवास यांचे एक लाख वजा जाता १,४०,००० उरतात. घातलेल्या भांडवलावर सात टक्क्यांनी मिळाले असते ते ५०,४०० रुपये व्याजही अप्पांनी वजा केले. राहिले ८९,६००. सरळ हिशेबाने भांडवल परत यायला आठ वर्षे लागतात. हा मुलगा पेढीवर बसला असता तर एका मुनिमाचा पगार वाचला असता, हे कोणी धरलेच नाही. घरच्या माणसाच्या श्रमाची किंमत आपल्याकडे वहीत चढत नाही.

पुढे उत्पन्न वाढू शकते, हेही खरे. पाच विशेष विषय शिकविण्याची पात्रता आणि २५ विद्यार्थ्यांना दिलेली प्रमाणपत्रे जमली, की वरची श्रेणी मिळते. ज्याला मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी बोलता येते, त्याला मालवणपासून मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीपर्यंत काम मिळण्याची शक्यता अधिक. उलट, या व्यवसायात शरीर हेच यंत्र आहे. साधी सर्दी झाली तरी कानांतील दाब जुळत नाही आणि त्या दिवशी पाण्यात उतरता येत नाही.

हा मुद्दा निघताच आईने आठवण करून दिली, की लहानपणी दोन पावसाळे मुलाचा कान वाहत होता. सात लाखांच्या चर्चेत ही गोष्ट कोणालाच सुचली नव्हती. प्रवेशापूर्वी भरावयाच्या आरोग्यपत्रकात दमा, अपस्मार, कानाचे विकार यांची विचारणा असते. एखाद्या प्रश्नाला 'होय' असे उत्तर आले, तर डॉक्टरांची संमती लागते. ती माहिती लपविणे म्हणजे जिवाशी खेळ.

अखेर अप्पांनी सौद्याप्रमाणे टप्पे पाडले. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांची तपासणी. ती अनुकूल ठरल्यास रेस्क्यूपर्यंतचे ९६,००० आणि त्या काळाचा राहण्याचा खर्च द्यायचा. उपकरणांपैकी फक्त मास्क, फिन्स व संगणक घ्यायचे. डाईव्हमास्टर झाल्यावर एक पूर्ण हंगाम एखाद्या केंद्रात काम करायचे. शिक्षक-अभ्यासक्रमाची रक्कम त्यानंतर, आणि तिच्यातला काही वाटा मुलाने स्वतः मिळवायचा. "सगळे पैसे आगाऊ भरले तर वीस हजारांची सूट आहे, अप्पा," असे चिरंजीव म्हणाले. "माल बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम आपण शेतकऱ्यालाही देत नाही," असे उत्तर मिळाले.

थोरल्या बंधूंना गोदाम लांबणीवर पडल्याचे वाईट वाटले. त्यांनी तसे बोलूनही दाखविले. तूर्त यार्डातील अर्धे गोदाम भाड्याने घेऊन हंगाम काढायचा, असा तोडगा निघाला. डॉक्टरांनी कानाचा पडदा पूर्ण भरून आल्याचे सांगून संमतिपत्रावर सही केली, तेव्हा चिरंजीवांनी पोर्ट ब्लेअरचे जानेवारीतील तिकीट काढले. तपासणीचे शुल्क अप्पांनी त्याच वहीत लिहून ठेवले आहे.